सोसायटीचं मागचं अंगण काँक्रीट करायचं घाटतंय. रविवारच्या मीटिंगआधी मदत हवी

गवती_चहा, १० मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, गांधी मैदानापासून चालत पाच मिनिटांवर. अठरा फ्लॅटची तीन मजली जुनी इमारत आहे. मागं साधारण ४ गुंठे मोकळी जागा, सगळी मातीची. तिथं एक मोठा कडुनिंब आहे, एक बकुळ आहे आणि कुंपणाच्या कडेनं सासूबाईंनी लावलेली गवती चहाची रांग. कडुनिंब त्यांच्या लग्नाच्याही आधीपासून उभा आहे.

इमारत बांधली तेव्हा इथं दोन स्कूटर होत्या. आता अकरा चारचाकी आणि तीसच्या वर दुचाकी आहेत. त्यामुळे येत्या रविवारी मीटिंगमध्ये ठराव येतोय: पूर्ण अंगणावर सहा इंच काँक्रीट, वर पांढरे पट्टे, आणि झाडांच्या बुंध्याला चिकटून गोल कट्टे. कोटेशनही आलंय.

गाड्या लावायला जागा नको असं माझं म्हणणं नाही. आमचीही एक गाडी आहे. पण दोन वर्षांपूर्वी पुढची बोळ काँक्रीटची झाली आणि त्या पावसाळ्यात पहिल्यांदा तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात पाणी आलं. तीस वर्षांत कधी आलं नव्हतं. आता मागचंही बंद केलं तर पाण्यानं जायचं कुठं, हा प्रश्न मी विचारला. "पाइप टाकू की" एवढंच उत्तर मिळालं.

मला भावनेनं नाही, मुद्द्यानं बोलायचंय. रस्ते आणि पार्किंगनं नेमकं काय होतं, आणि गाड्याही लागतील, मातीही राहील असं काही करता येतं का? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लिहा.


पेठेतला_गडी, १० मार्च, रात्री १०.१५

ताई, मी थोडं उलटं बोलतोय, राग मानू नका. आमच्याकडं पण असंच मातीचं अंगण हाय. जून ते सप्टेंबर नुसता राडा. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती रिक्षापर्यंत पोचेपर्यंत आमचा जीव टांगणीला. मोपेडचा स्टँड चिखलात रुततो आणि एक गाडी पडली की चार पडत्यात. रस्त्यावर लावावी तर रोज कुणाशी तरी वाद. झाडं, पाणी सगळं पटतंय, पण म्हाताऱ्या माणसानं चालायचं कुठनं, हे पण मीटिंगला कुणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर घेऊन जावा.


वरुणतीर्थ, ११ मार्च, सकाळी ६.५०

मी तुमच्याच भागातला, वय ७४.

तुम्ही राहता तिथून जवळचं गांधी मैदान हे मुळात वरुणतीर्थ तळं. ते बुजवून मैदान झालं. वेशीला अजून वरुणतीर्थ वेस म्हणतात. आमचे आजोबा कधी "मैदानावर जातो" म्हणाले नाहीत, "तीर्थावर जातो" म्हणायचे. कपिलतीर्थाचंही तेच, आज आपण तिथं भाजी घेतो. करवीर, म्हणजे आपलं जुनं कोल्हापूर, हे तळ्यांचं गाव होतं. रंकाळा, कोटितीर्थ, कळंबा राहिले म्हणून आपल्याला तेवढेच माहीत.

ही तळी शोभेची नव्हती. आजूबाजूच्या उतारावरचा पाऊस तिथं उतरायचा, थांबायचा, मुरायचा आणि पेठेतल्या आडांना पाणी द्यायचा. तळं बुजवलं म्हणून उतार बदलला नाही. जोराच्या पावसात गांधी मैदानात आजही पाणी साठतं ते याच कारणानं. खोलगट जागा ती, भोवतालचं पाणी तिथंच येणार.

अंबाबाईच्या देवळाजवळचं मणिकर्णिका कुंड कित्येक वर्षं बुजलेलं होतं. वर बाग होती, लोक त्यावरून चालायचे. अलीकडं उकरलं तेव्हा आतलं दगडी बांधकाम उघडं पडलं. मी मुद्दाम बघायला गेलो होतो आणि बराच वेळ तिथंच उभा राहिलो.

तुमच्या मागच्या अंगणात आड होता का, हे जुन्या माणसांना विचारून बघा. पेठेत बहुतेक वाड्यांत असायचा.


खडी_मुरूम, ११ मार्च, दुपारी १.२०

बांधकाम क्षेत्रात २२ वर्षं काढली. रस्तेही केले, पार्किंगंही केली. थोडं लांबणार आहे.

आधी हिशोब करू, कारण मीटिंगमध्ये आकडाच बोलतो. ४ गुंठे म्हणजे साधारण ४०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. आपल्याकडं जुलैत एखाद्या दिवशी ५० मिलिमीटर पाऊस पडणं काही विशेष नाही. ४०० गुणिले ५० म्हणजे २० हजार लिटर, १० हजारवाले दोन टँकर. सपाट काँक्रीटवरून किंवा डांबरावरून यातलं ७० ते ९५ टक्के पाणी वाहून जातं, तेही काही मिनिटांत. तेच गवताळ मातीवर उतार आणि मातीच्या जातीप्रमाणे ५ पासून ३५ टक्के. हे आकडे गटार डिझाइन करताना आम्ही रोज वापरतो, माझ्या पदरचे नाहीत. थोडक्यात, आज ज्या पाण्यातलं बरंचसं मागं मुरतंय ते उद्या दोन टँकर भरून पुढच्या बोळात येणार आणि त्याला वाट काकूंच्या उंबऱ्यावरूनच आहे. पाइप टाकला तरी पाइप जाऊन मिळणार बोळातल्याच गटाराला, आणि ते गटार आधीच तुंबलेलं.

दुसरं. तुमच्या काकूंच्या घरात पाणी का आलं याचा मला अंदाज आहे. आपल्याकडं रस्ता पुन्हा करताना जुना थर खरवडून काढत नाहीत, त्याच्यावरच नवा चढवतात. दर वेळी दोन-चार इंच. काँक्रीट असेल तर सहा-आठ इंच. तीस वर्षांत रस्ता दीड फूट वर आला आणि घर मात्र होतं तिथंच राहिलं. पेठांमध्ये फिरून बघा, कितीतरी घरांत शिरायला आता एक पायरी उतरावी लागते. पूर्वी त्याच घरांना दोन पायऱ्या चढून जायचो. तुमच्या अंगणाचं काँक्रीट होईल तेव्हा आधी मातीची पातळी सहा इंच खाली घेणार का, एवढं तरी कोटेशनमध्ये लिहून घ्या.

तिसरं झाडाचं. कडुनिंबाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं खोल नसतात. बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलं की झाड एकदम मरत नाही. तीन-चार वर्षं शेंडा वाळत जातो आणि मग एखाद्या वळवाच्या वाऱ्यात ते कुणाच्या तरी गाडीवर पडतं. लोक म्हणतात, झाड जुनं झालं होतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. एक मीटर हे अगदी कमीत कमी. तुमच्या झाडाला निदान सहा फूट मोकळे सोडा.

उपाय उद्या सविस्तर लिहितो, आता साइटवर जायचंय.


हळद्या, ११ मार्च, दुपारी ३.०५

कडुनिंब सासूबाईंच्या लग्नाआधीचा म्हणजे पन्नाशी ओलांडलेला असणार. आपल्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, त्यात ५० वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय. असं झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आहे. तुमच्याकडं कुणी तोडायचं म्हणत नाही, पण काँक्रीटनं मारणं आणि करवतीनं मारणं यात झाडाला काय फरक? मीटिंगमध्ये हे जरूर सांगा, वातावरण थोडं गंभीर होईल.

आणि एक. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला आम्ही रात्री रस्त्यांवर फिरून नोंदी करतो. डांबर दिवसभराची ऊब धरून ठेवतं, म्हणून साप रात्री त्यावर येऊन पडतात. पहिल्या पावसात बेडूक पलीकडच्या डबक्याकडं जायला रस्ता ओलांडतात. सकाळी जे दिसतं ते लिहवत नाही. शहरातल्या अंगणाशी याचा थेट संबंध नाही हे मान्य, पण रस्ता म्हणजे फक्त आपण जायची वाट असते असं नाही, म्हणून लिहिलं.


चैत्राची_वाट, ११ मार्च, संध्याकाळी ७.३०

मी दरवर्षी चैत्र यात्रेला जोतिबाला अनवाणी जातो. मला तापमानाचे आकडे कळत नाहीत, तळपाय कळतात. मातीची कड असेल तिथं दुपारी बारालाही चालता येतं. डांबरावर उभं राहवत नाही, पळावं लागतं. सगळ्यात वाईट नवं काळंभोर डांबर. आणि मोठ्या झाडाखालचं तेच डांबर चक्क चालण्याजोगं असतं. वडाच्या सावलीचे तुकडे जोडत जोडत आम्ही चढ गाठायचो. रुंदीकरणात झाडं गेली की ते तुकडे लांब लांब होत जातात, आणि आमच्यातले म्हातारे मग पहाटेच निघायला लागतात.


खडी_मुरूम, ११ मार्च, रात्री ९.१०

@चैत्राची_वाट, तुमचे तळपाय बरोबर सांगतात. नवं डांबर अंगावर पडलेल्या उन्हातलं जेमतेम ५ टक्के परत फेकतं, बाकी सगळं पोटात घेतं. जुनं होऊन करडं पडलं की १० ते १५ टक्के. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. काँक्रीट जरा फिकट असतं म्हणून कमी तापतं, पण तेही रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतं. मातीतला ओलावा उन्हात उडतो आणि गारवा देतो, झाड पानांतून तेच करतं. काँक्रीटकडं उडवायला ओलावाच नाही. ताई, तुमच्या मागच्या खिडक्या अंगणावर उघडतात ना? एप्रिलच्या रात्रींचा विचार करून ठेवा.

आणि सिमेंटचंही सांगून टाकतो, मी त्याच धंद्यात आहे म्हणून. जगात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा. चुनखडी भाजताना तिच्यातूनच तो निघतो, नुसत्या इंधनाचा प्रश्न नाही. म्हणजे गरज नाही तिथं ओतलेलं सहा इंच काँक्रीट दोनदा महाग पडतं. शिवाय त्यातली खडी आणि क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) कुठल्या तरी डोंगराची असते.


ओसाकाहून, १२ मार्च, सकाळी ८.००

मी मूळची राजारामपुरीची, सध्या जपानमध्ये. इथली एक गोष्ट सांगते. चारचाकी घ्यायची तर आधी गाडी लावायची जागा आपल्याकडं आहे याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. १९६२ पासूनचा कायदा आहे. छोट्या गाड्यांना काही भागांत सूट आहे, पण रात्री रस्त्यावर गाडी सोडून देणं इथं चालत नाही. म्हणून लोक गाडी घेताना जागेचाही खर्च धरतात. पुष्कळजण घेतच नाहीत.

आपल्याकडं गाडी आधी येते आणि जागा मग शोधली जाते. ती जागा मग अंगणातून, फुटपाथातून, नाल्याच्या काठावरून निघते. मागं सुट्टीत आले तेव्हा दसरा चौक आणि बिंदू चौकातली दर्शनाला आलेल्या गाड्यांची गर्दी बघितली. बाहेरगावच्या भाविकांचं ठीक आहे, एवढं सामान, लेकरं घेऊन येणार ते कसे? पण महाद्वार रोडला साडी बघायला आपण गावातलेच चारचाकी काढून जातो.

फ्रान्सनं २०२३ मध्ये कायदा केला की १५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या उघड्या पार्किंगच्या निम्म्या भागावर सौर छत घालायचं. म्हणजे निदान गाडीवरही सावली आणि वीजही. तुमच्या चार गुंठ्यांना हे लागू नाही, सहज आठवलं.


आडाचं_पाणी, १२ मार्च, सकाळी ११.४५

भूजलाचं काम करतो. वर अजून कुणी लिहिलं नाही, पण पुढं लिहितीलच म्हणून आधीच सांगतो: पार्किंगवरचं पाणी गोळा करून थेट बोअरमध्ये सोडू नका. मी दोन ठिकाणी हे झालेलं पाहिलंय. हेतू चांगला होता, पण त्यानं भूजल खराब होतं.

छपरावरचं पाणी आणि गाड्या उभ्या राहतात तिथलं पाणी यात मोठा फरक आहे. गाडीतून इंजिन ऑइल गळतं, ब्रेकच्या पॅडमधून तांबं झडतं, टायर झिजून त्याची बारीक भुकटी पडते, त्यात जस्त असतं. उन्हाळाभर हे सगळं फरशीवर साठतं आणि पहिल्या मोठ्या पावसात एकदम वाहून जातं. म्हणून पहिल्या पावसाचं पाणी सगळ्यात घाण. रंकाळ्याकडं उतरणाऱ्या कुठल्याही रस्त्याच्या कडेला वळवानंतर उभं राहा, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसेल. रंकाळा सांडपाण्यानं बिघडला हे आपण सगळे बोलतो. रस्त्यांवरून येणाऱ्या या पाण्याचं नाव कुणी काढत नाही.

टायरचं एक उदाहरण देतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे पावसानंतर अंडी घालायच्या आधीच मरून पडायचे. अनेक वर्षं कारण कळत नव्हतं. २०२० च्या शेवटी संशोधकांनी शोधून काढलं: टायरचं रबर तडकू नये म्हणून त्यात एक रसायन घालतात, त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन जो पदार्थ बनतो तो या माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतो. रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्यातून तो ओढ्यात जात होता. आपल्या जयंती नाल्यात कोहो नाहीत, पण टायर मात्र आपल्याही रस्त्यांवर झिजतात आणि नाला पंचगंगेलाच मिळतो.

तेव्हा ताई, छपराचं पाणी गाळून बोअरला किंवा आडाला द्या. नव्या बांधकामांना ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवर पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचंच आहे. तुमची इमारत जुनी, तिला सक्ती नाही, पण अडवतंय कोण? अंगणातलं पाणी मात्र मातीच्या थरातून हळूहळू जाऊ द्या. माती आणि तिच्यातले जिवाणू तेल बऱ्यापैकी धरून ठेवतात.

काळी माती आहे का मुरूम? त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.


गवती_चहा, १२ मार्च, दुपारी ४.२०

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

सासूबाईंना आडाचं विचारलं. होता! बकुळीच्या पलीकडं, इमारत बांधताना बुजवला. त्यांना जागाही आठवते. कुदळ मारून बघितलं, वर दीड-दोन फूट काळी माती, खाली मुरूम लागतोय.

@पेठेतला_गडी, राग कसला? आमच्याकडंही तळमजल्यावर दोन आजी आहेत. तुमचा मुद्दा मी मीटिंगमध्ये पहिला मांडणार आहे.


शिरोलीवाला, १२ मार्च, संध्याकाळी ६.००

अंगणावरून विषय निघालाच आहे तर आमचंही ऐका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पुणे-बंगळूर महामार्ग आमच्या इथं पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट, आणि दोन्ही वेळा पंचगंगा ५५ च्या वर होती. ट्रकांच्या रांगा, दूध नाही, पेट्रोल नाही. महामार्गाचा भराव पाण्याला आडवा येतो, तिथं कमानी करा, खांबांवर रस्ता घ्या, अशी मागणी आम्ही तेव्हापासून करतोय. नदीला पसरायला जी सपाट जागा लागते तिच्यातून आपण मातीची भिंत घालून रस्ता नेला. रस्त्याखालनं पाणी जायला मोऱ्या असतात, पण पुराचं पाणी मोरीतनं किती जाणार? पलीकडच्या आणि अलीकडच्या शेतात पाणी किती दिवस तुंबून राहतं, ते ऊस कुजलेल्या माणसाला विचारा.


खडी_मुरूम, १२ मार्च, रात्री ८.३०

@शिरोलीवाला, शंभर टक्के सहमत. फक्त ताईंसाठी एक स्पष्ट करतो, म्हणजे मीटिंगमध्ये कुणी अडचणीत आणणार नाही. पंचगंगेचा महापूर तुमच्या अंगणानं येत नाही आणि अंगण वाचवून थांबणारही नाही. तो राधानगरी, गगनबावड्याच्या पाणलोटात पडणाऱ्या पावसाचा असतो. तुमचं अंगण ठरवतं ते बोळीतलं पाणी, काकूंचं स्वयंपाकघर, खिडकीतली ऊब, झाड आणि आड. तेवढंच बोला, तेवढं पुरेसं आहे.

आता उपाय. मुरूम दोन फुटांवर लागतोय हे तुमचं नशीब. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावर काहीही घातलं तरी हलतं, आणि पाणी तिच्यातून फार सावकाश उतरतं. म्हणून गाड्या जिथं उभ्या राहणार तेवढ्याच भागातली काळी माती काढून मुरमापर्यंत जा. झाडांच्या फांद्यांच्या घेरात मात्र खणायचं नाही. मुरमावर जिओटेक्स्टाइलचं कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं), त्यावर आठ-नऊ इंच ४० मिलिमीटर खडी, धुतलेली, भुकटी नसलेली. त्यावर दोन इंच बारीक खडी आणि वर पेव्हिंग ब्लॉक. सांध्यांत क्रश सँड भरायची नाही, ती घट्ट बसते आणि पाणी अडतं. बारीक चिपच भरा. ठेकेदार सवयीनं सँडच टाकणार, तिथं उभं राहून बघा. खडीच्या पोकळीत पाणी थांबतं आणि मग मुरमात उतरतं. इमारतीच्या पायापासून दहा फूट हे काही करू नका.

त्याहून स्वस्त हवं असेल तर चाकांपुरत्या दोन पट्ट्या काँक्रीटच्या, मध्ये आणि बाजूला खडी. आमच्या आजोळी बैलगाडीच्या चाकोरीला फरशा होत्या, तोच प्रकार.

पेठेतल्या गड्याच्या आईसाठी: दरवाज्यापासून फाटकापर्यंत चार फूट रुंद पक्की वाट, खरबरीत फरशीची, एका बाजूला धरायला कठडा. चार गुंठ्यांत ती कितीशी जागा घेणार? चिखलाची खरी तक्रार तेवढ्या वाटेपुरतीच असते.

आणि दुचाकी वेगळ्या काढा. नियमात एका चारचाकीला अडीच बाय पाच मीटर धरतात, दुचाकीला एक बाय दोन. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाकी बसतात. तुमच्याकडं तीस आहेत, म्हणजे पाच मोटारींची जागा. सगळ्या एका कोपऱ्यात पत्र्याखाली घेतल्या तर निम्मं अंगण तसंच राहतं.


निंबोणी, १२ मार्च, रात्री ९.०५

गवताचे ब्लॉक मिळतात ना, मध्ये भोक असलेले? हिरवंही दिसेल.


खडी_मुरूम, १२ मार्च, रात्री ९.२०

दिसायला छान, पण गाडी दिवसभर एकाच जागी उभी असेल तर खालचं गवत उन्हावाचून मरतं, आणि मग भोकांत चिखल होतो. येऊन-जाऊन असणाऱ्या जागेला ते ठीक. सोसायटीत भोकांत खडीच भरा.


मामाचं_गाव, १३ मार्च, सकाळी ९.३०

शक्तिपीठ महामार्गाबद्दल कुणी बोलणार की नाही? शेकडो किलोमीटरचा रस्ता येतोय आणि आपण चार गुंठ्यांत अडकलोय.


वरुणतीर्थ, १३ मार्च, सकाळी १०.१०

बोलायलाच हवं, आणि शेतकरी बोलतच आहेत. माझ्या भावाची जमीन नदीकाठाला आहे, मला त्याची झोप उडालेली दिसते. पण त्याला वेगळा धागा काढा, मी पहिला लिहीन. इथं या बाईंना रविवारी उभं राहून बोलायचं आहे. तेवढं आधी होऊ द्या.


गवती_चहा, १६ मार्च, रात्री ११.००

आजची मीटिंग दोन तास चालली. जसं झालं तसं लिहिते.

सुरुवातीलाच म्हटलं की आजींना चालायला पक्की वाट हवी, आणि ती सगळ्यात आधी व्हावी. त्यानं खोलीतलं अर्धं ताणलेपण गेलं. मग दोन टँकरचा हिशोब सांगितला. तेव्हा काकू उठल्या. त्या कधी मीटिंगमध्ये बोलत नाहीत. म्हणाल्या, "मागच्या वर्षी रात्री दोनला मी एकटीनं तांदळाचे डबे माळ्यावर चढवले. तुम्ही सगळे वर झोपला होता." त्यानंतर पूर्ण काँक्रीटचं कुणी फारसं लावून धरलं नाही.

पण सगळं मनासारखं झालं असं नाही. एकजण म्हणाले की पेव्हिंगला दर दोन वर्षांनी डागडुजी लागते, आणि ते खरं आहे. पुढची बाजू, फाटकापासून इमारतीपर्यंतची, काँक्रीटचीच होणार, मतदानात आम्ही हरलो. मागं तीन गाड्यांच्या जागा कमी होतात म्हणून दोन घरं नाराज आहेत. त्यांच्यापैकी एकजण आज जिन्यात माझ्याशी बोलले नाहीत, त्याचं वाईट वाटतंय.

ठरलं ते असं: मागं चाकांच्या पट्ट्या आणि खडी. कडुनिंबाभोवती सहा फूट आणि बकुळीभोवती चार फूट मोकळी माती. दुचाकी पत्र्याखाली. आड उकरायचा प्रस्ताव पुढच्या मीटिंगला. पुढच्या काँक्रीटची पातळी आत्ताच्या जमिनीपेक्षा वर जाणार नाही हे कोटेशनमध्ये लिहून घेतलं, @खडी_मुरूम तुमच्यामुळं.


पेठेतला_गडी, १७ मार्च, सकाळी ७.१५

ताई, हा धागा आमच्या ग्रुपवर टाकला. आई म्हणाली वाट आणि कठडा आधी कर, मोपेडचं नंतर बघू.


गवती_चहा, ९ जून, संध्याकाळी ७.४५

बरेच दिवसांनी धागा वर काढतेय. काम मे महिन्याच्या शेवटी उरकलं. ठेकेदारानं बारीक खडीऐवजी क्रश सँडच्या दोन ट्रॉल्या आणून टाकल्याच होत्या, परत पाठवल्या.

परवा चांगला तासभर जोराचा पाऊस झाला. मी आणि सासूबाई मागच्या खिडकीत उभ्या होतो. खडीवर पाणी थोडं चमकलं आणि गेलं. पाऊस थांबल्यावर दहा मिनिटांत आजी काठी घेऊन वाटेवरून फाटकापर्यंत जाऊन आल्या, नुसत्याच, बघायला.

कुणाला करायचं असेल तर अडचणीही सांगते. पहिले आठ-दहा दिवस खडी चपलांना चिकटून घरात येते. गाडी वळवताना पट्टीवरून चाक उतरलं की खडी उधळते, ती आठवड्यातून एकदा दाताळ्यानं ओढावी लागते. ते काम आम्ही आळीपाळीनं घेतलंय. पाणी जिरतं तिथं कुणी गाडी धुवायची नाही असा नियम केला, अजून दोनदा मोडला गेलाय.

गवती चहाची रांग कामात तुडवली गेली, पण बुडखे शाबूत आहेत. फुटेल.


वरुणतीर्थ, ९ जून, रात्री ८.३०

फार बरं वाटलं वाचून. आडाचं काय झालं? चालणार असेल तर एकदा येऊन जागा बघेन म्हणतो. आमच्या आजीचं माहेर त्याच आळीत होतं.


गवती_चहा, ९ जून, रात्री ८.५०

काका, जरूर या. आडाला जुलैच्या मीटिंगमध्ये पैसे मंजूर होतील असं दिसतंय. सासूबाई तुमची वाट बघतील, त्यांना त्या आळीतली सगळी घरं तोंडपाठ आहेत. पाऊस असेल तर मात्र मागच्या फाटकानं या. पुढच्या बोळात अजूनही घोट्याएवढं पाणी असतं.